ड्रायरचा सहावा बॉल

लोकर पिंजली की कुठेकुठे चिकटेल सांगता येत नाही. साडीला, चष्म्याला, चहाच्या कपाला. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचे किस्सेही तसेच, एक झटकावा तर दुसरा चिकटतो. हल्ली आम्ही तिघी जमलो आणि कुणी नुसतं "बॉल" म्हणालं की चहा गार!

तिघी म्हणजे मी, शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेली. खालच्या मजल्यावरच्या सुलताना भाभी. आणि शेजारच्या महादेवीअक्का, मूळच्या दुधनीच्या. अक्कांची लेक शैला कॅनडात. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी अक्कांनी डिंकाचे लाडू वळले, बॅग भरली, आणि व्हिसाच मिळाला नाही! बाळ झालं तिकडे, आजी बसली इकडे रडत. मग एकदा शैलाचा फोन आला. कपडे ड्रायरमध्ये वाळवताना सुगंधी कागद टाकते, त्याने बाळाला पुरळ उठलंय. लोकरीचे सहा बॉल टाकले की कागद लागत नाही, कपडे सुटे होऊन मऊ निघतात.

अक्कांनी डोळे पुसले. "बॉल मी पाठवते. बाजारचं कायबी घिऊ नकोस!"

•

ड्रायर आम्ही कुणी पाहिला नव्हता. मी भाभींना समजावलं, मशीनमध्ये गरम हवा असते, कपडे गरागरा फिरतात, बॉल मध्ये उड्या मारतात.

भाभींनी गच्चीकडे पाहिलं. एप्रिलचं ऊन. दोरीवर चादर टाकून दुसरा चिमटा लावेपर्यंत पहिलं टोक कडक झालेलं.

"फिर हमारी छत में कित्ते डालनेके जी?"

•

लोकर आणायला मी आणि अक्का मंद्रूपच्या बाजाराला गेलो. मेंढरंवाला म्हणाला, "किती घोंगड्यांची देऊ?"

"घोंगडी न्हाय. बॉल करायचेत," अक्का म्हणाल्या.

"कुनाला खेळायला?"

"कपड्यांना!"

तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, ऊन लई हाय. ह्यास्नी सावलीत बसवा की."

•

लोकरीचा गोळा लांब मोज्यात घालून, गाठ मारून धुवायचा असतो. मोजे घ्यायला अक्का एकट्या युनिफॉर्मच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने विचारलं, शाळा कुठली? अक्का म्हणाल्या, शाळा न्हाय, मोजे द्या.

"तसं नाही हो, मापाचं कळायला पाहिजे. कितवीत आहे?"

अक्कांचं डोकं फिरलं. "सातवीत! दोनदा नापास!"

"मग एक माप मोठं देतो," तो म्हणाला.

•

आता माझी फजिती सांगते, नाहीतर भाभी तिखटमीठ लावून सांगतील. लोकरीला गरम पाणी लावायचं नाही, हे मी पोरींना हातावर पट्ट्या मारून शिकवलंय. त्यामुळे बॉल धुवायचं काम मी हक्काने घेतलं. गार पाणी, शाम्पूचे दोन थेंब, हलक्या हाताने. तीनदा धुतले. बॉल कसले, नुसता कापूस!

भाभींनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात बाई कडकडीत पाण्यात बॉल टाकत होती. लोकर आटून गोळा घट्ट व्हावा म्हणूनच! मला बघवेना.

अक्का म्हणाल्या, "बाई, तुमी भाईर जाऊन बसा. तुमच्याच्यानं हुनार न्हाय."

मी जिन्यात बसले. आत भाभींच्या मशीनमध्ये लोकर आटत होती, आणि बाहेर मी.

•

त्यातल्या एका मोज्याची गाठ माझी होती. तीच सुटली. मशीन घरघरून बंद पडलं. मेकॅनिकने पाइप काढून आतून हातभर लांब लोकर ओढली.

"भाभी, पूरी बकरी धोए क्या?"

"नै जी, पूरी नै, आधीच!"

•

सहावा बॉल पुन्हा करायचा, तर लोकर उरलेली मूठभर. अक्का म्हणाल्या, मी बघते. दुपारी डोकावले तर पाठ करून काहीतरी गुंडाळत होत्या. लोकरीतून हिरवा काठ डोकावत होता. त्यांच्या इरकलीचा, अंगावर वापरून मऊ झालेल्या.

"अक्का, आत लोकरच पाहिजे!" मी ओरडले.

"बाई, आमच्यात बाळाला पयलं आज्जीच्या लुगड्यात गुंडाळत्यात." एवढंच बोलून त्या गुंडाळत राहिल्या. मी सगळ्यांशी वाद घालते, पण त्या दिवशी मुकाट्याने वरून लोकर धरली.

•

कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय?"

"कपडे वाळवायचं सामान," अक्का म्हणाल्या. "कॅनडाला."

त्याने मानेवरचा घाम पुसला. "मावशी, हितलं ऊनच भरून पाठवा की!"

•

पार्सल पोचलं. सकाळी शैलाचा व्हिडिओ कॉल आला, आम्ही तिघी अक्कांच्या फोनवर वाकलो. शैलाने मोबाईल ड्रायरसमोर धरला. काचेमागे झबली, दुपटी फिरतायत, मध्ये बॉल धपाधप उड्या मारतायत. आम्ही टाळ्या वाजवल्या! पुरळही गेलं होतं.

अक्का मात्र बोटाने मोजत होत्या. "पाचच हायत. सहावा कुटं गेला?"

"अगं आई, तो ड्रायरमध्ये टाकताच येत नाही." शैलाने मोबाईल पाळण्याकडे नेला. बाळ झोपलं होतं, बॉल छातीशी घट्ट. "काढला की रडतो. काय घातलंयस गं त्यात?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडतात. तर त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बगा की! मला आडवलं, माज्या लुगड्याला कुनी व्हिसा इचारला का?"