साबणाच्या वड्या आणि दुसरं शील

बाळांनो, ताई यंदा सुट्टीत तुमच्याकडे आली नाही म्हणून तुम्ही रुसलात, असं कळलं. तिचा प्रबंध वर्षभर लांबला आहे, आणि तो लांबला आपल्या हट्टा गावातल्या घराच्या ओसरीवर. म्हणून हे लिहून ठेवते.

हळद शिजवायचे दिवस होते. गावभर तो ओलसर, मातकट वास. अंगणात पसरलेल्या हळदीवरून ऊन उसळून यायचं आणि ओसरीच्या भिंती, बायकांचे चेहरे, पाण्याचा तांब्या, सगळंच पिवळं दिसायचं. दुपारी त्या उजेडात बसलं की आपण जागे आहोत की डोळा लागला आहे, ते कळायचं नाही. आता आठवतानाही तसंच होतं.

ताईनं एक फासा आणि स्टीलचा पेला आणला होता. माणसाला आधी खरेपणाची आठवण करून दिली तर तो खोटं कमी बोलतो, असं तिच्या मार्गदर्शकांना पूर्वी आढळलं होतं. इतरांनी पुन्हा करून पाहिलं तेव्हा कधी तसं आलं, कधी नाही. इथे ते आलं तर तिचा प्रबंध पुरा होणार होता.

विहारातल्या बायकांना बोलावलं. एकेकीनं आतल्या खोलीत जायचं, फासा टाकून एकटीनंच पाहायचा आणि बाहेर येऊन ठिपके सांगायचे. जितके ठिपके, तितक्या साबणाच्या वड्या. अर्ध्या जणींनी आधी पंचशीलातलं चौथं शील म्हणायचं, खोटं न बोलण्याचं. शील न म्हणणाऱ्या जास्त आकडे सांगतात का, ते ताई पाहणार होती.

मी वड्या नीट रचून ठेवल्या होत्या, पण रास उतरेचना. बहुतेक जणी बाहेर येऊन म्हणत, "एक." फार तर, "दोन." शील म्हणून गेलेल्याही तेच. ताईनं स्वतः फासा टाकून पाहिला. त्यात पाचही पडत होते, सहाही.

शेवटी तिनं माझ्या जावेला, तुमच्या धाकट्या आजीला धरलं. ती चहा गाळत होती.

"धाकटी आजी, तुला खरंच एक पडला?"

"सहा पडले."

"मग एक का सांगितलास?"

"मंग काय करू माय? लेकरू एवढ्या लांबून आलं, त्याच्याकडून पिशवीभर साबण नेऊ? लोक म्हणतील, हिच्या घरी कोणी आंघोळच करत न्हाई का?"

सगळ्या हसल्या. मला तर ठसकाच लागला.

"अगं, पण आत्ताच शील म्हणालीस ना?"

"म्हटलं की! चौथ्याच्या आधी दुसरं येतंय. न दिलेलं घेऊ न्हाई. तू कुठं दिलंस? फाश्यानं दिलं."

बायका गेल्या. ताई ओसरीच्या कडेला बसून राहिली. ऊन उतरत होतं, आणि तिच्या हातावरचा पिवळा रंग हळूहळू विझत होता. ती म्हणाली, "आजी, एक-दोन सांगणाऱ्यांना खेळ समजला नाही म्हणून वगळलं, तर सगळं बरोबर येतं. असं वगळतात लोक. नियमातही बसवता येईल."

मी पेले विसळत होते. "त्यांनी जास्त सांगून साबण नेले असते, तर समजला नाही म्हणाली असतीस?"

ती उठली. आत गेली. दिवेलागणीला मी चहा घेऊन गेले तेव्हा तिनं सगळं होतं तसं मार्गदर्शकांना पाठवून दिलं होतं: आठवण करून दिल्यानं इथे काही फरक पडला नाही, बायका खोटं बोलल्या, पण स्वतःलाच कमी मिळेल असं.

आता तिला सगळं नव्यानं मांडावं लागतंय. फोनवर आवाज थकलेला असतो, पण झोप लागते म्हणाली.

साबण उरले ते मी लुगड्यांच्या कपाटात ठेवलेत. दार उघडलं की साबण आणि हळद असा एकत्र वास येतो आणि ती दुपार पुन्हा ओसरीवर येऊन बसते. तुमच्या हळदीच्या पुडीबरोबर त्यातल्या वड्या पाठवते आहे. ह्या दिलेल्या आहेत. सगळ्या घ्या.