दोन बोटं सनस्क्रीन

पहिली पुटकुळी आली तेव्हा मी अकरावीत होते. बारावी संपेपर्यंत माझे गाल त्यांच्याखाली दिसेनासे झाले. धसईहून मुरबाडला कॉलेजला जाताना एसटीत मी खिडकीची जागा मिळाली तरी सोडायचे, कारण तिथे तोंडावर ऊन येतं आणि उजेडही. गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या तोंडाचा डॉक्टर झाला होता. कडुनिंब लाव, माती लाव, तिखट सोड. कुणी विचारलेलं नसताना.

पहिली सनस्क्रीन मी स्वतःच्या अकलेनं मुरबाडहून आणली, खोक्यावरच्या गोऱ्यापान बाईकडे बघून. ती इतकी तेलकट निघाली की दुपारी माझ्या तोंडावर पापड तळता आला असता. आठवड्याभरात पुटकुळ्या दुप्पट. मग कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी रात्री लावायचं मलम दिलं आणि बजावलं, "या औषधावर ऊन सोसत नाही, काळे डाग राहतील. ही पाण्यासारखी पातळ जेल घे, हिनं त्वचेची छिद्रं बुजत नाहीत. दोन बोटांवर मावेल एवढी रोज लावायची. उन्हात असलीस तर दर दोन तासांनी परत."

शेजारच्या घरातल्या मैत्रिणीला मी हे दाखवलं, तर ती पोट धरून हसली. "दोन बोटा भरून? एवढं तेल आमी भाजीत नाय घालत गो!" आम्ही दोघी एका वयाच्या, पण दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. बोलताना माझ्या गालांकडे न बघता डोळ्यांत बघणारी गावात ती एकटीच होती. मला तेव्हा त्याचं काहीच वाटायचं नाही.

त्या वर्षी भातकापणी आली. आमच्याकडे अजून सावड चालते. आज शेजाऱ्यांनी आमच्या शेतात कापायला यायचं, उद्या आम्ही त्यांच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. पहिला दिवस आमचा होता. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे नुसती भट्टी. ती माझ्या शेजारच्या पातीला होती आणि मुद्दाम हळू कापत होती, मी मागे पडू नये म्हणून. दोन तास झाले तशी मी विळा ठेवला, बांधावर जाऊन पिशवीतून ट्यूब काढली, हात ओढणीला पुसले आणि शिकवल्याबरहुकूम दोन बोटं तोंडभर चोळली. आधी तोंड धुवावं, घाम टिपावा, हे डोक्यात आलंच नाही. भाताची बारीक कुसळं आणि धूळ हातांनाही होती, तोंडावरही. ती सगळी मी माझ्याच हातानं त्या फोडांवर घासली. दुपारी परत तेच केलं. संध्याकाळी तोंड सोललेल्या टोमॅटोसारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं शेत. सकाळी ती दारात हाक मारायला आली. मी आतूनच ओरडले, "तुझ्या शेतापायी मी काय तोंड जाळून घेऊ? तुला काय, तुझं तोंड चांगलं हाय!" काल जळलं ते आमच्या शेतात, माझ्याच हातानं, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले. ती दारातूनच म्हणाली, "बरं. पडून राहा."

आईनं माझा दिवस भरून काढला. मी दार लावून आरशासमोर बसले. खालच्या शेतातून त्यांच्या हसण्याचे आवाज येत होते आणि मला दर वेळी वाटायचं, माझ्यावरच हसताहेत. खरं तर माझी आठवणही कुणी काढली नसेल. ते जास्त लागलं असतं.

त्यानंतर ती रस्त्यात भेटली की "बरी हायस ना?" विचारायची आणि पुढे जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. मी कॉलेजला जायचे, यायचे, सकाळी मोजून दोन बोटं लावायचे. सहा-सात महिन्यांत तोंड निवळलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. घरी येऊन दाखवावं असं मात्र कुणी उरलं नव्हतं.

वैशाखात तिचं लग्न ठरलं, शहापूरकडे, सापगावजवळ. हळदीला मी जायचं ठरवलं. आमच्याकडे नवरीला हळद लावून झाली की बायका-पोरी एकमेकींना माखतात, कुणाला सोडत नाहीत. त्या दिवशी मी तोंड नुसतं पाण्यानं धुतलं. मलम नाही, सनस्क्रीन नाही. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. तिच्या हातची हळद लागली की मी तिथेच माफी मागेन.

मांडवात गर्दी होती. तिची मामी दोन्ही हात हळदीनं भरून माझ्याकडे आली. मी डोळे मिटून तोंड पुढे केलं.

"मामी, तिला नको गो," पाटावरून ती म्हणाली. अगदी मायेनं. "तिच्या तोंडाला सोसत नाय."

मामी वळली आणि दुसरीकडे गेली. मला म्हणायचं होतं, लाव, मला चालेल. तेवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. त्या दिवसाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. नवरीभोवती सगळ्यांची तोंडं पिवळी आहेत, आणि कडेला मी, एकही डाग नसलेली.