तोंड उजेडाकडे

इस्त्रीवालीला आधी वाटलं, पोरीची दाढ दुखतेय. मग तिनं नीट पाहिलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता पोर ओठ हलवत होती आणि आवाज म्हणाल तर टाचणीएवढाही नाही. आरशासमोरही तेच. आई मागे येऊन उभी राहिली की तोंड बंद.

"काय पुटपुटतेस गं?"

"काही नाही."

काही नाही म्हणणाऱ्यापाशीच काहीतरी असतं, हे कळायला इस्त्रीवालीला शाळेत जावं लागलं नव्हतं. लोकांच्या शर्टांचे खिसे उलटे करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

त्यात बहिणीनं तेल ओतलं. "अगं, प्रार्थना करते ती, तोंडातल्या तोंडात. शाळा सुटली तरी त्या गणिताच्या सिस्टरच्या पुढ्यातून हलत नाही म्हणे. तुझ्या हातून गेली समज."

"तंगडी मोडीन."

"कुणाची? देवाची?"

इस्त्रीवाली हसली खरी, पण इस्त्री एका जागी थांबली आणि गिऱ्हाइकाची कॉलर करपली. एकुलती एक लेक. ती कॉन्व्हेंटच्या दाराआड गेली, तर मागे उरणार काय? गरम लोखंड.

सिस्टरांना ती पुरती ओळखून होती. नावाड्याची लेक. कॉन्व्हेंटात जाते म्हटल्यावर बापानं बोलणं टाकलं, तरी मागे वळून पाहिलं नाही. तेव्हापासून शाळेत गणित शिकवणं. झग्याची उजवी बाही कायम पांढरी, म्हणून मुली पाठीमागे खडूबाई म्हणत. इस्त्रीवाली स्वतः त्यांच्याकडे भागाकारापर्यंत शिकली होती. तिच्या बापानं तिला शाळेतून काढलं, तेव्हा सिस्टर घरी आल्या, त्यानं हाकललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभ्या. ज्या बाईला हाकलता येत नाही, ती एकदा पोरीच्या मागे लागली की संपलं.

आणि हल्ली त्यांचं लक्षण ठीक नव्हतं. रस्त्यात हाक मारली तर मान वळत नसे. समोर उभं राहून बोलावं, तर दात मोजल्यासारख्या तोंडाकडे टक लावायच्या. वर्गात तर म्हणे त्यांचा हुकूमच होता, "तोंड उजेडाकडे." सगळ्या पोरी खिडकीकडे बघत बसलेल्या. ही काय भुरळ घालायची पद्धत?

करपलेली कॉलर तशीच टाकून इस्त्रीवाली तडक शाळा चालवणाऱ्या मदरकडे गेली.

"तुमच्या सिस्टरनं माझी पोर फितवलीय."

मदर शांत होत्या. "आम्ही कुणाला ओढून नेत नाही, बाई. पण चला, आपण दोघी बघू."

इतक्या लगेच तयार झाल्या, हेही इस्त्रीवालीला खटकलं.

दोघी वर्गाच्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. सिस्टरांनी गणित घातलं. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं उत्तर दिलं, सिस्टरांची नजर मात्र पुढच्या कोपऱ्यात. तिथं इस्त्रीवालीची लेक, मान खिडकीकडे वळवून, ओठ सावकाश हलवत होती. पोटच्या पोरीचे ओठ आईला वाचता येणार नाहीत तर कुणाला? अठ्ठावीस, मागच्या मुलीचंच उत्तर. प्रार्थना नव्हेच ती, घरी चालायची ती याचीच तालीम.

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

"सिस्टर," मदरनी हाक मारली. वर्ग मागे वळला. खडू चालूच राहिला. "सिस्टर, जरा इकडे." खडू चालूच.

इस्त्रीवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉन्व्हेंटात जेवताना बोलायचं नाही, प्रार्थना तोंडपाठ. तिथं कान गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही. लागतो तो वर्गात. तिनं मदरकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, संशय खरा ठरल्याचा निवांतपणा होता. म्हणजे मदरना वास आधीच लागला होता आणि ही तक्रार आयती मिळाली होती. आता सिस्टरांची रवानगी म्हाताऱ्या सिस्टरांना ठेवतात त्या घरी. आज्ञा पाळायची शपथ घेतलेली बाई, ती हूं की चूं करणार नाही.

कुणाचा जास्त राग येतोय तेच इस्त्रीवालीला कळेना. ती बाकांमधून चालत गेली आणि सिस्टरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"माझी पोर तुमचा कान नाही, सिस्टर."

सिस्टरांनी ते ओठांवरून वाचलं. खडू खाली ठेवला. "नाही. मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं, आणि मी तिला थांबवलं नाही. चूक माझी." मग मागच्या दाराकडे वळून म्हणाल्या, "मदर, मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले."

"आपण नंतर बोलू," मदर म्हणाल्या.

"नंतर कशाला?" इस्त्रीवाली म्हणाली. "आणि पुढे येऊन बोला, म्हणजे त्यांनाही कळेल. गणित काय कानानं शिकवतात? बाकं अर्धगोल लावा, सगळ्यांची तोंडं दिसतील."

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे, बाई."

"पोरी आमच्या घरातल्या आहेत."

मदरनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. परीक्षेपर्यंत बघू, एवढंच बोलल्या. मुलींनी तेवढ्यात बाकं ओढायला घेतलीसुद्धा. लेकीला आईनं मुद्दाम कोपऱ्यातून उठवून मधल्या बाकावर बसवलं. लेक रागानं लाल. "तू मला न विचारता का आलीस?" इस्त्रीवाली पुढचं बाक ओढायला लागली.

तेव्हापासून कपडे पोचवायला निघाली की ती शाळेवरून जाते, न सांगता. बाकं अजून अर्धगोल आहेत ना, ते बघते. मदर दारात कुठं उभ्या नाहीत ना, तेही बघते. आणि मधल्या बाकावरच्या लेकीचे ओठ दुसऱ्या मुलीच्या उत्तराला अजून हलतात का, याच्यावर बराच वेळ डोळा ठेवून असते.