गार इंजिनवाली वहिनी

वहिनी गेल्याचा फोन दादानेच केला. "सुनंदा गेली गं," एवढंच म्हणाला. मागे कुणीतरी दाराची बेल वाजवत होतं, आणि हा उघडायला उठत नव्हता... सकाळी चहा घेता घेता तिला झटका आला होता. ॲम्ब्युलन्स येईस्तोवर सगळं आटोपलं.

त्याला दीड महिना झाला. रडू थांबलंय, राग मात्र थांबत नाही.

राग त्या शोकसभेचा आहे. दादा-वहिनीचा जोगेश्वरीत जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा. लग्नं, मंडळांचे गणपती, गोरेगावची शूटिंगं. धंद्यातल्या लोकांनी हॉल घेऊन सभा ठेवली. एकेक जण उठून बोलत होता. "विलासशेठच्या मागे सावलीसारख्या उभ्या राहिल्या." "कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." आणि मग साकीनाक्याचा जुन्या इंजिनांचा व्यापारी उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "शेठनी शिकवलं, वहिनी शिकल्या. अशी शिष्या मिळायला भाग्य लागतं."

शिष्या! विलास माझा सख्खा भाऊ, त्याच्यावर माझा जीव आहे. पण इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नाही. तो वायरी ओढायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. इंजिन पारखायची ती वहिनी. मालवणजवळच्या गावात तिच्या वडिलांची भाताची गिरण होती, डिझेल इंजिनावर चालणारी. त्याचा आवाज जरा बदलला की ही अभ्यास टाकून धावायची. लग्न होऊन मुंबईत आली ती हे सगळं कानात घेऊनच. आणि उलटून बोलली नाही म्हणे! उलटून बोलली नसती तर धंदा पहिल्याच वर्षी बुडाला असता.

त्या व्यापाऱ्याला तर हे पुरतं ठाऊक होतं. एका वर्षी दादा टायफॉइडने पडला होता, गणपती तोंडावर आले होते आणि एक मशीन बंद पडलं होतं. म्हणून वहिनी मला सोबतीला घेऊन त्याच्या शेडवर गेली. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन धडधडत होतं, नव्या निळ्या रंगात चकाचक. "झकास मशीन आहे ताई, हॉस्पिटलमधून काढलेलं, वापरच नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "शेठ नाही आले? बायकांना यातलं काय समजणार ना..."

वहिनीने इंजिन बंद करायला लावलं, चावी काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "चालू इंजिन बघायला नाही आले मी. गार होऊ दे, मग बघते."

"अहो, तीन-चार तास जातील!"

तिने एक रिकामं पिंप उलटं केलं, त्यावर बसली आणि माझ्याकडे वळून मालवणीत म्हणाली, "माका घाई नाय."

आम्ही बसलो. भर दुपार, पत्र्याची शेड, डिझेलचा वास. त्याने चहा पाठवला, मग वैतागून पंखा बंद केला. दोनदा चावी मागितली. "तापलेलं इंजिन कसलंही असलं तरी चालू होतं," वहिनी मला समजावत होती, "म्हातारा माणूस नाही का, एकदा चालायला लागला की चालतो. सकाळी अंथरुणातून उठताना बघावं त्याला." मधेच ती उठून ब्लॉकवर तळहात ठेवून यायची. नवा रंग नखाने खरवडला, तर खाली तेलाचे जुने ओघळ. तेलाची काडी काढून दोन बोटांत तेल चोळलं. मधासारखं जाड. "धूर दडवायला घातलंय," म्हणाली.

संध्याकाळी तिने चावी दिली. इंजिन कण्हलं, खोकलं, कितीतरी वेळाने लागलं. आधी पांढरा धूर, मग निळा, आणि तो निळा काही जाईना. वहिनीने तेलाचं झाकण उघडलं, तर तिथूनही भकाभका धूर! "रिंगा गेल्यात, लायनर गेलाय, आतून पार झिजलंय. हॉस्पिटलमधून नाही, भंगारातून आणलंय हे," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले. तिथला एक मंडपवाला तेच इंजिन उचलणार होता. तो तिथल्या तिथे मागे फिरला.

त्यानंतर या माणसाने बाजारात तिचं नाव पाडलं, 'गार इंजिनवाली'. बाई आली की हसायचे. मशीन दाखवायला टाळाटाळ करायचे. आणि आता तोच डोळे पुसून तिला शिष्या म्हणत होता.

मी उभी राहिले. "त्यांना कुणी शिकवलं नाही. साकीनाक्याला काय झालं ते तुम्हीच सांगा ना!" मग कुणीतरी माझा हात धरला, "ताई, आज नको. मेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं." अरे, मी चांगलंच बोलत होते! दादा मान खाली घालून बसला होता. मला त्याचाही संताप आला. न जेवता मी पार्ल्याला निघून आले. आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

मग त्यानेच फोन केला. तो व्यापारी वहिनीची मशीनं विकत घ्यायला येणार होता. "तू ये," दादा म्हणाला. मी जळफळतच गेले.

गोडाऊनमध्ये तीन जनरेटर उभे होते, वहिनी गेल्यापासून कुणी हात न लावलेले. व्यापारी म्हणाला, "आता कोण सांभाळणार शेठ? मी घेऊन जातो." दादाने मधल्या मशीनची चावी फिरवली. पहिल्या झटक्यात लागलं. एक फिकट धुराचा फुगा निघाला, विरला, आणि मग नुसता एकसारखा आवाज. व्यापाऱ्याने वाकून तेलाचं झाकण उघडलं, त्यावर हात धरून बघितला; धूर नव्हता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "क्या बात है... काय घेणार बोला."

"विकायचं नाहीये," दादा म्हणाला. "तुम्हाला ऐकवायला बोलावलं होतं."

तो गेला. दादा पायरीवर बसला, मी त्याच्या शेजारी. मशीन बंद करायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.