मुका मोडेम

टेकचंद कापगते यांना आयुष्यात एकच विद्या येत होती आणि ती म्हणजे टेलिफोन. जवाहरनगरच्या कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. आधी दोऱ्या खुपसायचा बोर्ड होता, मग बटणं आली, शेवटी सगळं आपोआप व्हायला लागलं. टेकचंद मात्र अखेरपर्यंत कानानंच काम करत राहिले. लाइन नुसती ऐकून ते सांगायचे, की बिघाड खांबावर आहे, डब्यात आहे की साहेबांच्या टेबलाखाली उंदरानं वायर खाल्ली आहे. क्वार्टरमध्ये नवीन माणूस राहायला आला की ते त्याला पहिल्याच दिवशी समजावायचे, "आतल्या आत बोलाचं तं चार आकडे. बाहेर बोलाचं तं पयले शून्य. हे ध्यानात ठेवा, मंग मले त्रास नाही अन् तुम्हाले पण नाही." लोक ध्यानात ठेवायचे.

निवृत्त झाल्यावर ते बायकोला, शोभाताईंना, आणि मुलीला घेऊन आपल्या गावी, दिघोरीला आले. घर बांधून झालं आणि त्यांनी आधी फोन घेतला, रंग नंतर दिला. एक फोन समोरच्या खोलीत आणि त्याच लाइनीवर दुसरा स्वयंपाकघरात, कारण शोभाताईंचं लाखांदूरच्या बहिणीशी बोलणं भाजी फोडणीला टाकल्यावरच सुरू होई. समोरच्या फोनशेजारी एक निळी वही असे. एकतीस वर्षांचे सगळे नंबर टेकचंदांच्या मोत्यासारख्या अक्षरात त्या वहीत होते.

ही गोष्ट दोन हजार आठ सालातली. मुलगी रुचिका हुशार होती, पण आदल्या वर्षी तिचं नशीब आडवं आलं होतं. नशीब कसलं, भंडाऱ्याच्या एका नेट कॅफेतला घाईचा माणूस. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांचा पसंतीक्रम इंटरनेटवर भरायचा होता. रांग मोठी होती. त्यानं रुचिकाच्या हातची यादी घेतली, स्वतःच टाइप केली आणि वरची नावं खाली, खालची वर करून टाकली. नको ते कॉलेज मिळालं. पोरीनं ते सोडलं, वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा दिली आणि या खेपेला पुण्याचं कॉलेज मिळेल इतके गुण आणले.

"यंदा फारम मीच भरीन. माह्या हातानं," ती म्हणाली.

"घरूनच भरशीन," टेकचंद म्हणाले. "लाइन मी देतो."

बोलून गेले खरे. एक्सचेंजवाल्याचा शब्द होता तो, आणि पुढचे तीन आठवडे त्या शब्दानं त्यांना धड जेवू दिलं नाही.

लॅपटॉप भाच्याचा होता. भूपेंद्र नागपूरला कंपनीत होता. कंपनीनं जुनी यंत्रं वाटून टाकली तेव्हा एक त्यानं मामाला आणून दिलं. त्यातलं विंडोज कंपनीनं काढून घेतलं होतं, म्हणून भूपेंद्रनं लिनक्स टाकलं. कोणीही फुकट वापरावं आणि वाटलं तर आतलं उघडून बघावं अशी ती प्रणाली. टेकचंदांना ही कल्पना फार आवडली. झाकण उघडू देत नाही त्या यंत्रावर त्यांचा कधी विश्वास नव्हता.

"मामाजी, सगळं चालते," भूपेंद्र म्हणाला, "फक्त मोडेमचं, म्हंजे फोनच्या तारेवरून इंटरनेट लावून देते त्याचं, तुम्हाले पाहा लागन. ह्या लॅपटॉपमंधला मोडेम अर्धाच आहे. बाकीचं अर्धं काम तो विंडोजकडून करून घेते. लिनक्समंधी ते अर्धं आपल्याले वरून टाका लागते." त्यानं त्या अर्ध्या कामाच्या प्रोग्रामची, म्हणजे ड्रायव्हरची, सीडी दिली, दोन कागदांवर कमांड लिहून दिल्या आणि जाताजाता बजावलं, "अन् लाइन चालू असली का दुसरा फोन उचलू नका. लगेच तुटते." नंतर तो कंपनीच्या कामानं दुबईला निघून गेला.

पहिला आठवडा ड्रायव्हर बसवण्यात गेला. सीडीवरचा ड्रायव्हर लिनक्सच्या दुसऱ्याच आवृत्तीसाठी होता. तो या यंत्रावर नव्यानं तयार करून घ्यावा लागला. टेकचंद दोन बोटांनी टाइप करत, एक ठिपका चुकला की पडदाभर शिव्या येत, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

दुसऱ्या आठवड्यात मोडेम जागा झाला आणि म्हणाला, डायल टोन नाही. टेकचंद पोट धरून हसले. "डायल टोन नाही? अरे लेका, ह्याच टोनवर माहा संसार चालला!" त्यांच्या लगेच लक्षात आलं, की ड्रायव्हर परदेशी माणसांनी लिहिलेला, त्याला तिकडचा टोन ठाऊक. त्यांनी देशाच्या जागी भारत टाकला आणि टोनची वाट न पाहता सरळ नंबर फिरव अशी सूचना लिहून दिली. मोडेमनं मुकाट ऐकलं. त्या दिवशी टेकचंद दोन पोळ्या जास्त जेवले.

तिसऱ्या आठवड्यात मात्र गाडं रुतलं. मोडेम नंबर फिरवी, मिनिटभर थांबे आणि पडद्यावर तेच दोन शब्द येत, 'नो कॅरिअर'. म्हणजे पलीकडून कोणी उत्तर दिलं नाही. का नाही दिलं, ते कळायला मार्ग नव्हता, कारण या ड्रायव्हरात आवाजाचा भागच नव्हता. ज्या माणसानं कानाच्या जोरावर भाकरी कमावली त्याच्यासमोर हे मुकं यंत्र येऊन बसलं होतं. टेकचंदांनी वायर बदलली, वेग कमी केला, भूपेंद्रच्या कागदावरच्या सगळ्या सूचना उलटसुलट करून पाहिल्या. उत्तर तेच.

पसंतीक्रम भरायला तीनच दिवस होते, मंगळवारपासून गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. घरून नाही जमलं तर बुधवारी भंडाऱ्याला जायचं असं ठरलं होतं. पण सोमवारपासून पाऊस जो लागला तो थांबेना. मंगळवारी चुलबंद नदीचं पाणी पुलावर चढलं आणि एसटी बंद झाली. गाव धानाच्या रोवण्यात गुंतलेलं, कोणाला बाहेर जायची घाई नव्हती. टेकचंद मात्र तासातासाला छत्री घेऊन पाणी पाहायला जात आणि तोंड पाडून परत येत. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तसं बुधवारी वीजही गेली. फोनचं बरं असतं, त्याची वीज एक्सचेंजकडून तारेतूनच येते. पण लॅपटॉपची बॅटरी जुनी होती. भरलेली असली तरी ती चाळीस मिनिटांच्या वर टिकत नसे.

गुरुवारी दुपारी त्यांनी भंडाऱ्याच्या कॅफेत फोन लावला. तिथंही वीज नव्हती. रुचिकाची मैत्रीण डिंपल साकोलीची, तिचा फोन मेलेला. भूपेंद्र समुद्रापार, आणि या लाइनीवरून परदेशी फोन लागत नव्हता. शोभाताईंनी देव पाण्यात घातले. बाहेर इतकं पाणी असताना घरात आणखी कशाला, असं एरवी टेकचंद म्हणाले असते. आज त्यांना सुचलं नाही.

पावणेचारला त्यांनी लॅपटॉप सुरू केला. रुचिका यादी घेऊन शेजारी बसली. नंबर फिरला, मिनिट गेलं, 'नो कॅरिअर'. पुन्हा फिरवला. 'नो कॅरिअर'. बॅटरी तेहतीस मिनिटं दाखवत होती.  तिसऱ्यांदाही तेच झालं, तशी रुचिका हळूच म्हणाली,

"बाबा, खरं सांगा. तुम्हाले मले पाठवाचंच नाही ना?"

 मे महिन्यात टेकचंद एकदा बोलून गेले होते, की नागपूरले काय वाईट आहे. एकदाच. पोरीनं ते जपून ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर ती नजरेआड जाणार म्हणून त्यांचा जीव तुटत होता, रोज तुटत होता. पण तिचं वर्ष बुडावं असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.  नकारार्थी मान हलवून ते पुन्हा पडद्याकडे वळले. रुचिका उठून ओसरीत जाऊन बसली.

टेकचंदांनी चौथ्यांदा नंबर फिरवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून फोन उचलल्याचा बारीक आवाज आला. तो आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता.

"ठेव! ठेव तो फोन!" ते ओरडले. "तीनदा सांगतलं, उचलू नको म्हून!"

"ठेवते जी, बोंबलता काहून?" शोभाताई दारात आल्या. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते. "म्हटलं, बहिणीले विचारावं तिच्या गावात काही सोय होते का. पण मले बोलूच कोण देते? ती बाईच बोलून राहिली."

"कोणती बाई?"

"तीच ती रेकॉर्डवाली. नंबर तपासून घ्या म्हणते."

टेकचंद जागच्या जागी थांबले. मोडेम मुका होता, पण लाइन मुकी नव्हती. ज्या लाइनीत बिघाड आहे त्या लाइनीला आधी कान लावायचा, ही त्यांच्या धंद्यातली बाराखडी. भाच्यानं उचलू नका म्हटलं आणि एकतीस वर्षांचा एक्सचेंजवाला निमूटपणे आठवडाभर कान बंद करून बसला. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

त्यांनी पुन्हा नंबर फिरवायला लावला, धावत स्वयंपाकघरात गेले, रिसीव्हर उचलला आणि बोलायच्या जागेवर तळवा दाबून ऐकू लागले. टूं टूं टूं असे सूर गेले. त्यांनी सवयीनं मोजले. सात.

इंटरनेटचा नंबर सहा आकड्यांचा होता. आणि पहिला सूर शून्याचा होता. तो सूर त्यांनी आयुष्यात जितका ऐकला तितका बायकोचा आवाजही ऐकला नसेल.

ते वहीकडे आले. इंटरनेटचा नंबर पेपरातून त्यांनीच वहीत उतरवला होता आणि वहीतून यंत्रात. वहीत त्याच्या आधी शून्य होतं. वरच्या नंबराला होतं, खालच्याला होतं. जित्याची खोड! घरच्या फोनला शून्य फक्त परगावासाठी लागतं, तरी दिघोरीला आल्यावर पहिलं वर्षभर ते गावातल्या डॉक्टरलाही शून्य लावून फोन करत आणि शोभाताई हसत. हळूहळू बोटं शिकली, वहीतलं शून्य सोडून पुढचे आकडे फिरवू लागली. लेखणी शिकली नाही. आणि यंत्र बिचारं, लिहिलं तेवढंच फिरवत होतं.

बॅटरी चोवीस मिनिटं दाखवत होती. टेकचंदांनी यंत्रातलं ते शून्य पुसलं. आता रुचिकाला काय सांगायचं? शून्य सगळ्या क्वार्टरला शिकवणारा माणूस शून्य चुकला, यावर कोण विश्वास ठेवील? तिला वाटेल बापानं मुद्दाम केलं. नुसतं 'लागला गं' म्हणावं, कोणाला कळणार होतं? मोह मोठा होता. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"रुचिका," त्यांनी हाक मारली.  "इकडं ये बेटा. चूक मोडेमची नव्हती. माही होती. नंबराच्या आंधी मी शून्य लावलं होतं. हप्ताभर तेच फिरून राहिलं होतं."

रुचिका येऊन शेजारी बसली.  त्यांनी बटण दाबलं. दहा सेकंद गेले, वीस गेले, आणि पडद्यावर नवीन ओळ आली, तिच्याखाली आणखी एक. लाइन लागली होती.

पण लागली म्हणजे झालं असं नव्हतं. हा ड्रायव्हर बैलगाडीच्या वेगानं चालणारा. प्रवेशाचं पान वरून खाली एकेक पट्टीनं उतरत होतं. सोळा मिनिटं. रुचिकानं पहिलं नाव पुण्याचं टाकलं. अकरा मिनिटं. एकेक नाव ती मोठ्यानं वाचे, शोभाताई यादीवर बोट ठेवून हो म्हणत. टेकचंद फोनच्या वायरीजवळ उभे होते, जणू ती त्यांनीच हातानं धरून ठेवायची होती. पाच मिनिटं. रुचिकानं शेवटचं बटण दाबलं आणि पान पांढरं झालं. 

मग अक्षरं उमटली. अर्ज मिळाला होता, खाली पोचपावतीचा नंबर होता. रुचिकानं हाताला लागली ती निळी वही ओढून तीत नंबर उतरवला, तपासला, पुन्हा तपासला. थोड्याच वेळात लॅपटॉप विझला. साडेचार वाजायचे होते. शोभाताई देवांना पाण्यातून काढायला धावल्या.

रुचिका वही चाळत राहिली. टेकचंद समोर आरोपीसारखे उभे होते. मावशीचा नंबर, डॉक्टरचा, तिच्या शाळेचा, दूधवाल्याचा. पान उलटलं की शून्यांची रांग.

"बाबा, हे तं सगळ्यायलेच लावलं आहे."

"हो," टेकचंद म्हणाले.

तिनं वही मिटली. डोळे पुसले आणि हसली. "माह्या होस्टेलचा नंबर लिहाल, तवा मात्र शून्य राहू द्या. पुण्याले फोन लावाले ते लागते."

ती आत आईकडे गेली. टेकचंदांनी वही उघडली, कोरं पान काढलं, त्यावर 'रुचिका' असं लिहिलं आणि पुढं एक शून्य काढून बाकीची जागा मोकळी सोडली.