गजभिये बाईंची वही

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. सांगायला बसलो की तोंडातून दुसरंच काहीतरी निघायचं — बदल्यांचं, संत्र्याच्या भावाचं. आज सांगतो.

ऐंशीनंतरची वर्षं. मी सौंसरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी आमच्या भागातल्या शिक्षकांसोबत एक काम सुरू केलं होतं. महिन्यातून एका शनिवारी आम्ही वीसेक जण सौंसरला एका वर्गात जमायचो. विद्यापीठातून एक मॅडम यायच्या. नियम एकच — या महिन्यात वर्गात काय फसलं ते सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून पुढचा धडा कसा घ्यायचा ते ठरवायचं. इथलं बोलणं इथंच राहील, असा शब्द मॅडमनी पहिल्याच दिवशी दिला होता.

मी कधी खरं सांगितलं का? नाही. मी किरकोळ सांगायचो — परीक्षानळी फुटली, वेळ पुरला नाही. बैठकीचं लिखाण माझ्याकडे होतं. उन्हाळ्यात विद्यापीठात दुसऱ्या जिल्ह्यांतल्या शिक्षकांचं शिबिर व्हायचं होतं, आणि तिथं शिकवायला मॅडम मलाच नेतील असं मी धरून चाललो होतो.

गजभिये बाई तिगावच्या. मजुरी करणाऱ्या घरातून शिकून शिक्षिका झालेल्या, घरात म्हातारी आई. एका शनिवारी त्यांनी आपली वही उघडली आणि शांतपणे वाचलं — बी रुजायला ऊन लागतं असं त्या सात वर्षं शिकवत होत्या. त्या आठवड्यात वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, सरकी तं मातीखाली अंधारातच उगवते." बाईंनी तिला आधी खाली बसवलं. मग घरी जाऊन बंद डब्यात बी लावून पाहिलं. ते अंधारातच रुजलं.

"सात वर्षं चुकीचं शिकवून राहिली होती मी," बाई म्हणाल्या, "आणि त्या पोरीले गप्प बसवलं, ते वेगळं."

वर्गात कोणी हसलं नाही. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो. प्रत्येकाला आपला चुकलेला धडा आठवत होता. मला वाटतं, आम्ही खरं शिकलो ते त्याच दिवशी. जाताना मॅडमनी शिबिरासाठी बाईंचं नाव घेतलं.

मला काय झालं — कसं सांगू? त्या बौद्धांच्या आणि मी बागायतदाराच्या घरचा, हे माझ्या मनात नव्हतं म्हटलं तर आणखी एक खोटं होईल. होतं.

बाईंची वही उतरवून घ्यायला माझ्याकडे होती. आठवड्याभरात निरीक्षक साहेब माझ्या शाळेत आले. त्यांना या बैठका पसंत नव्हत्या. तिथं करता तरी काय, एवढंच त्यांनी विचारलं. वही मागितली नव्हती — हे नीट ऐका. मीच ती पिशवीतून काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

बाईंना नोटीस आली. सात वर्षं चुकीचं शिकवल्याचं त्यांच्याच अक्षरात होतं, उत्तर काय देणार? बदली झाली, पार तामियाच्या डोंगरात. निघण्याआधी त्या माझ्याकडे आल्या. "सर, साहेबाले वही कशी भेटली?" माझ्यावर त्यांचा संशय नव्हता. तो असता तर कदाचित मी कबूल केलं असतं. कदाचित.

मी म्हणालो, "वही मी मॅडमकडे दिली होती. तिकडूनच गेली असन."

त्यांनी मान हलवली. मॅडमच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. मॅडम मला विचारायच्या, बाई का रागावल्या? मी म्हणायचो, माहीत नाही. शिबिराला मी गेलो. तिथं सरकीची गोष्ट माझ्या वर्गातली म्हणून सांगितली — चूक वगळून. लोकांना आवडली.

बैठका चालू राहिल्या, पण वर्गात जे जमलं तेवढंच सगळे सांगू लागले. काय फसलं, असं मॅडम विचारायच्या आणि आम्ही फार तर वेळ पुरला नाही म्हणायचो. वर्षभरात त्या यायच्या थांबल्या.

पुढं काही वर्षांनी बाई पांढुर्ण्याच्या स्टेशनवर भेटल्या. केस पिकले होते. आई तिकडेच वारली, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता मी कोणालेच काही सांगत नाही, सर. वहीत सगळं बरोबरच लिहिते. तुम्ही तेव्हा सांगितलं म्हणून कळलं तरी. नाही तं मी त्या मॅडमवर भरवसा ठेवूनच राहिली असती."

मी "हो बाई" म्हणालो. गाडी आली. त्यांची पिशवी मी डब्यात चढवून दिली.

मॅडम आता नाहीत. बाई आहेत. कुठे राहतात, ते मला माहीत आहे.