फ्रेंचच्या तासाचा नळ

आमच्या शाळेत पहिलीपासून फ्रेंच सुरू झालं, कारण समोरच्या शाळेनं जर्मन सुरू केलं होतं. बायपासच्या अंगाला तेव्हा शाळा आणि सोसायट्या जोडीनं उगवत होत्या. सलग दुसरं वर्ष पावसानं दगा दिलेला, पण नव्या इमारतींचे स्लॅब टाकायचं थांबलं नव्हतं. आमचे संस्थाचालक मूळचे पाचोडकडचे, बागायतदार घरातले. शाळा, प्लॉटिंग आणि टँकर असे त्यांचे तीन व्यवसाय, आणि त्या वर्षी तिसरा सगळ्यात जोरात होता.

त्यांनी मला बोलावलं. "सर, तुम्हाला फ्रेंच येतं म्हणं."

तरुणपणी लेण्यांवर गाइड व्हायच्या नादात मी फ्रेंचचा एक छोटा कोर्स केला होता. त्यातलं आता 'हो', 'नाही', 'आभारी आहे' आणि 'बूट बाहेर काढा' एवढंच शिल्लक होतं. पण मी तात्पुरत्या नेमणुकीवरचा हिंदीचा मास्तर होतो.

"येतं की," मी म्हणालो.

"मग बसवा वर्ग. गॅदरिंगला पालकांना दाखवा. पालक खूश झाले, की तुमचं कायम करायचं बघून टाकू."

मला तारलं ते कॅनडातल्या एका संकेतस्थळानं. तिकडं म्हणे घरी दुसरी भाषा बोलणारी पोरंसुद्धा पहिलीपासून सगळे विषय फ्रेंचमधूनच शिकतात, आणि त्यांच्या मास्तरांसाठी गाणी, चित्रं, छोटे व्हिडिओ असं सगळं कुणीतरी फुकट ठेवलेलं. गुलमंडीतल्या नेट कॅफेत बसून मी ते पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं. सोबत शिक्षकांसाठी सूचना होत्या. वर्गात मातृभाषेचा एकही शब्द नको. आणि जे वाक्य मूल म्हणेल, ते त्यानं खऱ्या वस्तू घेऊन करायचं. म्हणजे 'मी दार उघडतो' म्हटलं, की उठून दार उघडायचं. मी त्यात माझी भर घातली: जे म्हटलं नाही, ते करायचंही नाही. त्यानं वर्ग फार शिस्तीत राहायचा.

पहिली सूचना तर मला मानवलीच. मातृभाषेला बंदी असली, की पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत नाहीत.

एका व्हिडिओत सकाळी उठलेली मुलगी होती. खिडकीबाहेर बर्फ. ती नळ उघडते, टब भरतो, ती तोंड धुते, नळ बंद करते. एरवी बाकाखाली लोळणारी पोरं तो बघताना एकदम गप्प झाली. मला वाटलं, काय शिकवतोय मी.

मग एकानं विचारलं, "सर, हे पियाचं पाणी हाय का वापरायचं?"

याचं फ्रेंच माझ्याकडं नव्हतं. मी हसून "वी" म्हणालो. वी म्हणजे हो.

तो शेजारच्याला म्हणाला, "पियाचं हाय. पियाच्या पाण्यानं तोंड धुवायलीय."

तरी गॅदरिंगला मी तोच धडा निवडला. खऱ्या वस्तू हव्यात म्हणून स्टेजवर टेबल, टेबलावर नळ लावलेला मोठा ड्रम आणि खाली नवाकोरा गुलाबी टब. ड्रम भरून घ्यायला संस्थाचालकांची हरकत नव्हती; टँकर त्यांचेच. हरकत होती ती वेळेला. त्यांचं भाषण वाढलं, म्हणून मला शेवटून काहीतरी कापायला सांगितलं. मी शेवटचं वाक्य कापलं. 'मी नळ बंद करते' हे ते वाक्य. तोंड धुऊन झालं, की थेट गाणं.

मुख्य काम माझ्या मुलीला दिलं होतं. ती त्याच वर्गात होती, आणि मास्तरांची मुलगी म्हणून नव्हे तर तिचा उच्चार चांगला म्हणून, असं मी कुणी विचारलं नसतानाही सगळ्यांना सांगत होतो.

गॅदरिंगच्या सकाळी आमच्या सोसायटीचा टँकर आलाच नाही. बायकोनं माझ्यापुढं तांब्या ठेवला.

"आज एवढ्यातच भागवा."

भागवलं. ड्रमबद्दल तिला काही बोललो नव्हतो.

कार्यक्रमाला ती पुढच्या रांगेत बसली होती. शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. सोसायटीत टँकर आला, की पाइप काकूंच्या हातात असायचा. कुणाला किती हंडे, हे त्या ठरवत आणि कुणी वाद घालत नसे. मुलीचं कौतुक बघायला बायकोनंच त्यांना आग्रहानं आणलं होतं.

मुलगी पुढं आली, खणखणीत आवाजात 'मी नळ उघडते' म्हणाली आणि तिनं नळ पूर्ण सोडला. टाळ्या पडल्या. पोरांनी तोंडं धुतली. गाणं सुरू झालं. नळ चालूच. कारण बंद करायचं वाक्य कुणाकडंच नव्हतं, आणि न म्हणता काही करायचं नाही, ही माझीच शिस्त.

टब भरला. मुलीनं गाता गाता माझ्याकडं बघितलं. मी स्टेजच्या कडेला, गाणं लावलेल्या लॅपटॉपपाशी, नळापासून चार पावलांवर. जाऊन बंद करता आला असता. गेलो नाही. मध्येच गेलो तर चूक झाली असं दिसेल, संस्थाचालक बघतायत, हे एक. आणि दुसरं म्हणजे, ते दिसत छान होतं. दिव्यांच्या उजेडात टबाच्या काठावरून पाणी ओसंडत होतं, अगदी त्या व्हिडिओसारखं. मी ते बघत उभा राहिलो.

पाणी स्टेजवरून खाली, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या चपलांपर्यंत आलं. काकू उठल्या. पायऱ्या चढून स्टेजवर आल्या, नळ बंद केला, ओला हात पदराला पुसला आणि जागेवर जाऊन बसल्या. मागच्या पालकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर काकू आल्या. "सर, टबातलं टाकू नका. भांड्याला व्हईल. मी पोराला बादल्या घेऊन धाडते."

संस्थाचालक बाजूलाच उभे होते.

"अहो काकू, घाण झालंय ते," मी म्हणालो, आणि शिपायाला टब मागच्या गटारात रिकामा करायला सांगितला.

काकूंनी टब बाहेर जाताना बघितला. बायको मुलीचे ओले मोजे काढत होती. तिनं मान वर केली नाही.

संस्थाचालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पालक लई खूश झाले, सर. तुमचं काम झालं समजा."

संध्याकाळी टँकर आला. मी दोन हंडे घेऊन रांगेत उभा राहिलो. सकाळी का नाही आला, असं कुणीतरी ड्रायव्हरला विचारलं.

"सकाळची खेप साळंत खाली केली ना. प्रोग्राम व्हता म्हणं."

रांग माझ्याकडं वळली. मी हंड्यात डोकावून बघत होतो. आत काही नव्हतं.

"सरांना येऊ द्या म्होरं," काकू म्हणाल्या. "त्यांना टबभर लागतं."

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानं. माझा नंबर नव्हता, पण लोक बाजूला झाले, आणि जावं लागलं. काकूंनी पाइप माझ्या हंड्यात धरला. दोन्ही हंडे गळ्यापर्यंत भरले, पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि पुढच्याच्या हंड्यात नेला. मध्ये एक थेंब खाली पडला नाही.

जिन्यात बायको वाट बघत होती. तिनं एक हंडा कमरेवर घेतला.

"कायम झालात का?" तिनं विचारलं.

"झालो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि हंडा हिंदकळू न देता सावकाश वर चढू लागली.